ऑपरेटरवर ठपका ठेवण्याआधी अलार्म मोजा

२४ जुलै १९९४, रविवार. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनजवळच्या टेक्साको रिफायनरीवर सकाळी विजांसह वादळ आले. वीज पडून क्रूड युनिटला आग लागली, वीजपुरवठा हेलकावे खाऊ लागला आणि एकामागून एक युनिटे अस्थिर झाली. बहुतेक युनिटे सकाळीच बंद करण्यात आली. कॅटॅलिटिक क्रॅकर हे युनिट मात्र सावरण्याचा प्रयत्न पुढचे काही तास चालू राहिला. दुपारी १ वाजून २३ मिनिटांनी स्फोट झाला. त्याआधीच्या जेमतेम ११ मिनिटांत कंट्रोल रूममधल्या दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म येऊन आदळले होते. हिशेब केला तर साधारण सव्वादोन सेकंदांना एक.

या सव्वादोन सेकंदांत माणसाने काय करायचे? ओळ वाचायची, हा अलार्म कुठल्या व्हॉल्व्हचा, कुठल्या टाकीचा हे ओळखायचे, कारण शोधायचे, उपाय ठरवायचा, फील्डवरच्या सहकाऱ्याला वॉकीटॉकीवर सांगायचे आणि पुढच्या ओळीकडे वळायचे. हे कोणालाच जमणारे नाही. अशा वेळी ऑपरेटर एकच गोष्ट करू शकतो. तो ॲकनॉलेजचे बटण दाबत राहतो, म्हणजे निदान हूटर तरी थांबतो.

बिघाड तसा समजायला अवघड नव्हता. डीब्युटनायझर नावाच्या उंच कॉलममध्ये द्रव हायड्रोकार्बन येत होते; ते बाहेर काढणारा कंट्रोल व्हॉल्व्ह बंद होता, पण कंट्रोल सिस्टिम तो उघडा असल्याचे दाखवत होती. कॉलम भरला. जादा द्रव फ्लेअरच्या, म्हणजे रिफायनरीच्या मशालीच्या लाइनमध्ये उतरला. वायूबरोबर आलेला द्रव अडवण्यासाठी मशालीच्या आधी एक ड्रम असतो, तोही काठोकाठ भरला. पुढचा पाइप वायूसाठी बांधलेला होता, शिवाय गंजलेला होता. द्रवाचा भार त्याला पेलला नाही आणि तो वळणावर तुटला. सुमारे २० टन ज्वालाग्राही माल हवेत पसरला आणि पेटला. २६ जण जखमी झाले. रविवार असल्यामुळे आवारात माणसे कमी होती आणि कोणाचा जीव गेला नाही.

त्या ड्रमची पातळी वाढल्याचा अलार्म स्फोटाच्या २५ मिनिटे आधीच आला होता. यंत्रणेने आपले काम चोख केले होते. पण तो एक महत्त्वाचा अलार्म इतर शेकडो अलार्मच्या गर्दीत होता आणि त्याचा रंग, त्याचा आवाज, त्याचे यादीतले स्थान यांत वेगळे काही नव्हते. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी संस्थेने, म्हणजे एचएसईने, चौकशीत मोजदाद केली तेव्हा २,०४० अलार्मपैकी ८७ टक्के ‘उच्च प्राधान्य’ गटात टाकलेले आढळले. शंभरातल्या सत्त्याऐंशी गोष्टी अत्यंत तातडीच्या असतील, तर तातडीचे असे काही उरतच नाही.

या घटनेला तीन दशके उलटली. तिच्यातून धडा घेऊन मार्गदर्शिका निघाल्या, आंतरराष्ट्रीय मानके आली, सॉफ्टवेअर आले. तरीही कारखान्यात अपघात झाला की पहिल्या चोवीस तासांत बातमीत शब्द येतो तो ‘मानवी चूक’. कंट्रोल रूममध्ये त्या वेळी किती अलार्म वाजत होते, त्यांतले किती खरे होते आणि खुर्चीत बसलेल्या एका माणसाने त्यांचे काय करावे अशी व्यवस्थापनाची अपेक्षा होती, हे प्रश्न सहसा विचारलेच जात नाहीत. ते विचारले गेले पाहिजेत, आणि अपघाताची वाट न पाहता.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. मुंबईत माहुलला रिफायनऱ्या आहेत. तारापूर, डोंबिवली, तळोजा, पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ या रासायनिक पट्ट्यांत रात्रंदिवस प्लांट चालतात. आयटीआयमधून एओसीपी, म्हणजे अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट, हा ट्रेड करून किंवा रसायनशास्त्रात बीएस्सी करून हजारो मराठी मुले या प्लांटवर लागतात. अनुभव गाठीला आला की काही जण आखाती देशांतल्या रिफायनऱ्यांची वाट धरतात. रात्रपाळीला पॅनलसमोर हीच मुले असतात. त्यांच्यापुढचा गोंगाट कमी करणे हा केवळ इन्स्ट्रुमेंट विभागाचा तांत्रिक प्रश्न नाही. प्लांटच्या कुंपणाला लागून ज्यांची घरे आहेत, त्या प्रत्येकाचा तो प्रश्न आहे.

हा गोंगाट आला कुठून? पूर्वीच्या कंट्रोल रूममध्ये भिंतभर पॅनल असे आणि त्यावर काचेच्या छोट्या खिडक्या. प्रत्येक खिडकीवर अलार्मचे नाव कोरलेले, मागे दिवा. एक नवा अलार्म लावायचा तर वायर ओढावी लागे, रिले बसवावा लागे, पॅनलवर जागा शोधावी लागे आणि त्यासाठी पैसे मंजूर करून घ्यावे लागत. त्यामुळे ‘हा खरेच हवा आहे का?’ या प्रश्नावर आपसूक चर्चा होई. १९७५ मध्ये हनीवेलने टीडीसी २००० आणि योकोगावाने सेंटम बाजारात आणले आणि डीसीएसचे, म्हणजे विखुरलेल्या संगणकीय नियंत्रणाचे, युग सुरू झाले. हळूहळू भिंत गेली, स्क्रीन आले. अलार्म लावणे म्हणजे संगणकात एक आकडा भरणे एवढेच काम उरले.

जे फुकट मिळते ते सढळ हाताने वापरले जाते. एका ट्रान्समीटरला हाय, हाय-हाय, लो, लो-लो असे चार अलार्म; शिवाय सिग्नल बिघडला तर एक, सेटपॉइंटपासून फरक पडला तर आणखी एक. प्रकल्प उभारणारा कंत्राटदार ते सगळे चालू करून देतो, कारण कमी दिल्याचा आळ त्याला नको असतो. मग हॅझॉपच्या बैठका होतात, म्हणजे प्लांटमध्ये कुठे काय बिघडू शकेल याचा लाइनवार आढावा. तिथे एखादा धोका निघाला की सगळ्यात स्वस्त शिफारस ठरलेली: ‘अलार्म द्या.’ मुद्दा कागदावर निकाली निघतो आणि ओझे ऑपरेटरच्या खांद्यावर सरकते. पुढे दर अपघातानंतर, दर ऑडिटनंतर त्यात भर पडते. कमी करण्याची जबाबदारी मात्र कोणाच्याच नावावर नसते.

याची किंमत काय, हे जगाने १९७९ मध्येच पाहिले होते. २८ मार्चच्या पहाटे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या अणुभट्टीत एक रिलीफ व्हॉल्व्ह उघडला आणि उघडाच अडकला. पॅनलवरचा दिवा मात्र व्हॉल्व्हला ‘बंद हो’ असा आदेश गेला एवढेच सांगत होता. व्हॉल्व्ह प्रत्यक्षात बंद झाला की नाही, हे त्या दिव्याला ठाऊकच नव्हते. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक अलार्म वाजू लागले. बिनमहत्त्वाचे बाजूला सारण्याची कोणतीही सोय नव्हती. अलार्म छापणारा प्रिंटर इतका मागे पडला की एका टप्प्यावर तो दोन तासांपूर्वीच्या घटना छापत होता. अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. अध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या केमेनी आयोगाने कंट्रोल रूमच्या या रचनेवर स्पष्ट बोट ठेवले. हे अलार्म पॅनल उपयोगाची काहीच माहिती देत नव्हते, ते उचलून फेकून द्यावेसे वाटत होते, असे त्या पाळीतल्या एका ऑपरेटरने साक्षीत सांगितले.

ठपक्याचा प्रश्न सगळ्यात स्पष्ट झाला तो ऑस्ट्रेलियात. २५ सप्टेंबर १९९८ रोजी व्हिक्टोरिया राज्यातल्या लाँगफर्डच्या एस्सो गॅस प्लांटमध्ये गरम तेलाचा प्रवाह थांबला, एक हीट एक्स्चेंजर शून्याखाली कितीतरी अंश थंड झाला आणि त्याचे पोलाद ठिसूळ बनले. त्यात पुन्हा गरम तेल सोडताच तो फुटला. दोन कामगार ठार झाले, आठ जखमी झाले आणि राज्याचा गॅसपुरवठा जवळपास दोन आठवडे ठप्प झाला. कंपनीने बोट दाखवले ते ऑपरेटरांकडे. त्यांना पुरेसे प्रशिक्षण दिले होते, त्यांनी ते वापरले नाही, असा कंपनीचा युक्तिवाद होता. चौकशीसाठी नेमलेल्या शाही आयोगाने तो फेटाळला. त्या कंट्रोल रूममध्ये दिवसाला तीनशे-चारशे अलार्म येणे ही नित्याची गोष्ट होती, हे चौकशीतून पुढे आले. मर्यादेबाहेर प्लांट चालवणे आणि अलार्म वाजत ठेवणे ही तिथली कामाची रीतच बनली होती. अशा ठिकाणी ज्याने अलार्म मनावर घेतला नाही, तो नियम मोडत नव्हता. प्लांटने त्याला जे शिकवले तेच तो करत होता.

अर्थात अलार्म कमी केले की काम संपले, असे नाही. जो अलार्म असायलाच हवा तो नसणे किंवा असून मुका असणे तितकेच जीवघेणे ठरते. अमेरिकेत टेक्सास सिटीला २३ मार्च २००५ रोजी बीपीच्या रिफायनरीत एक कॉलम सुरू करताना त्यात द्रव भरत राहिला. पातळीचा पहिला अलार्म पहाटेच वाजला आणि ॲकनॉलेज करून सोडून दिला गेला. सुरू करताना पातळी त्या रेषेच्या वर ठेवणे हा तिथला जुना प्रघात होता. त्यावरचा दुसरा, स्वतंत्र अलार्म वाजलाच नाही. पातळी दाखवणारे उपकरण तर पातळी उतरत असल्याचे सांगत होते, तेव्हा सुमारे ५२ मीटर उंचीच्या कॉलममध्ये ४८ मीटरपर्यंत द्रव चढला होता. १५ माणसे गेली, १८० जखमी झाली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला इंग्लंडमध्ये बन्सफील्डच्या तेल डेपोत पेट्रोलच्या टाकीचा गेज पहाटे एका आकड्यावर अडकून बसला. पातळी वाढतच नाही असे दिसत असल्याने त्यावर बेतलेला एकही अलार्म वाजला नाही आणि शेवटचा आधार असलेला स्वतंत्र स्विचही निकामी होता. अडीच लाख लिटरहून अधिक पेट्रोल वाहून गेले आणि पेटले.

भारतातल्या दोन घटनांचाही हाच सांगावा आहे. भोपाळमध्ये १९८४ च्या मध्यावर युनियन कार्बाइडने मिथाइल आयसोसायनेटच्या टाक्यांची रेफ्रिजरेशन यंत्रणा बंद केली. रसायन थंड ठेवायचे आणि ते तापले तर अलार्मने सांगायचे, अशी मूळ रचना होती. थंड ठेवणेच थांबल्यावर तापमान कायमच वर राहू लागले आणि त्या अलार्मला काही अर्थ उरला नाही. डिसेंबरच्या त्या रात्री टाकी तापत गेली ती कोणालाही सावध न करता. विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीनची वाफ बाहेर पडली आणि १२ जणांचा बळी गेला. टाकीचे तापमान फक्त तळाशी मोजले जात होते. वरच्या थरात स्टायरीन तापून त्याची साखळी बनू लागली, ते कंट्रोल रूमला दिसण्याची सोयच नव्हती. सायरनची बटणे आवारात ठिकठिकाणी होती, तरी सायरन वाजवला गेला नाही, असे राज्य सरकारच्या उच्चाधिकार समितीने नोंदवले.

मग योग्य अलार्म म्हणजे कोणता? यावर जगभरातल्या अभियंत्यांचे आज एकमत आहे. ईईएमयूए या ब्रिटिश संघटनेची ‘१९१’ क्रमांकाची मार्गदर्शिका १९९९ मध्ये आली, अमेरिकेचे आयएसए १८.२ हे मानक २००९ मध्ये आणि आंतरराष्ट्रीय आयईसी ६२६८२ हे २०१४ मध्ये. तिन्हींचा गाभा एकच आहे. ज्यावर ऑपरेटरने ठरावीक वेळेत काहीतरी करायचे आहे तोच अलार्म. ज्यावर काहीच करायचे नाही, ती माहिती. ती नोंदवहीत जाऊ दे, हूटरवर नको.

प्रमाणेही ठरलेली आहेत. नेहमीच्या स्थिर कामात एका ऑपरेटरला सरासरी दहा मिनिटांत एक अलार्म आला तर ठीक, म्हणजे दिवसाकाठी दीडशेच्या आत. दहा मिनिटांत दोन, म्हणजे दिवसाला तीनशे, ही झेपण्याची कमाल मर्यादा. दहा मिनिटांत दहाहून अधिक आले तर त्याला अलार्मचा पूर म्हणतात. एकूण अलार्मपैकी पाच टक्के उच्च प्राधान्याचे, पंधरा टक्के मधले आणि उरलेले ऐंशी टक्के खालचे असावेत. टेक्साकोच्या ८७ टक्क्यांशेजारी हा ५ चा आकडा ठेवला की दुरुस्ती किती मुळापासून हवी ते दिसते.

ही दुरुस्ती प्रत्यक्षात कशी होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, एका टाकीच्या पातळीचा हाय अलार्म ८० टक्क्यांवर लावला आहे आणि प्लांट नेमका त्याच पातळीला चालतो. आत द्रव हिंदकळत असतो, रीडिंग ७९.९, ८०.१, ७९.८, ८०.२ असे वरखाली होते. दर वेळी अलार्म लागतो, विझतो, पुन्हा लागतो. एका पाळीत ही एकच टाकी शेकडो ओळी भरून काढते. उपाय दोन मिनिटांचा आहे. अलार्म ८० ला वाजेल, पण पातळी ७८ च्या खाली गेल्याशिवाय मिटणार नाही, असे अंतर ठेवायचे. किंवा पातळी काही सेकंद सलग वर राहिली तरच वाजेल, अशी अट घालायची. पण त्याहून मोलाचा प्रश्न पुढचा आहे: टाकी ओसंडायला ८० पासून किती वेळ लागतो? दोन तास लागत असतील, तर अलार्म ८० वर हवाच कशाला? ऑपरेटरला पंप बदलायला वीस मिनिटे पुरत असतील, तर मर्यादा त्या हिशेबाने वर नेता येते आणि मग तो वाजेल तेव्हा खरोखरच उठायची वेळ आलेली असेल.

अशी प्रत्येक अलार्मची झडती घ्यायची असते. टेबलाभोवती प्रोसेस इंजिनिअर, इन्स्ट्रुमेंटचा माणूस, सुरक्षा अधिकारी आणि पॅनलवर बसणारा अनुभवी ऑपरेटर असे चौघे हवेत. प्रश्न मोजके: हा वाजला म्हणजे काय बिघडले? ऑपरेटरने काय करायचे? त्याच्याकडे किती वेळ आहे? त्याने काहीच केले नाही तर काय होईल? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर तो अलार्म काढायचा. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांच्या उत्तरांवरून प्राधान्य ठरते. एक पंप ट्रिप झाला की प्रेशर लो, फ्लो लो, पुढच्या टाकीची पातळी लो, मागच्या टाकीची हाय अशी माळ लागते. इथे पंप बंद पडल्याचा एक अलार्म वाजावा आणि बाकीचे त्या स्थितीपुरते दाबले जावेत, असे लॉजिक लिहिता येते. दुरुस्तीला काढलेल्या यंत्राचे अलार्म महिनोन्महिने स्क्रीनवर लाल होऊन बसलेले असतात. तेही याच बैठकीत निकाली निघतात.

महाराष्ट्रातल्या औषध आणि रसायन कारखान्यांत याला एक वेगळी बाजू आहे. रिफायनरी सलग चालते, पण इथे बॅच असते. रिॲक्टरमध्ये माल भरताना ३० अंश तापमान बरोबर, पुढच्या टप्प्यात ९० अंश बरोबर, थंड करताना पुन्हा वेगळे. मर्यादा एकच ठेवली, तर दर बॅचमध्ये ठरल्या वेळी अलार्म वाजणार आणि ऑपरेटर तो ठरल्या वेळी मिटवणार. ज्या दिवशी रिॲक्शन खरोखर हाताबाहेर जायला लागते, त्या दिवशीही हात सवयीने त्याच बटणाकडे जातो. म्हणून बॅच प्लांटमध्ये टप्प्यागणिक मर्यादा बदलणारे अलार्म हवेत. पीएलसीवर, म्हणजे छोट्या नियंत्रण संगणकावर, चालणाऱ्या छोट्या युनिटमध्येही हे करता येते. जिथे तेही नाही, केवळ पॅनल आणि हूटर आहे, तिथे निदान हूटरची वायर काढलेली नाही ना, त्यात बोळा कोंबलेला नाही ना, हे पाहावे. तो बोळा बेशिस्तीपेक्षा अधिक काही सांगतो: हा हूटर विनाकारण वाजतो, अशी ती ऑपरेटरने दिलेली तक्रार आहे.

व्यवस्थापनाकडून यावर ठरावीक आक्षेप येतो. अलार्म काढला आणि नेमके तेच घडले तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गृहीतक दडले आहे, की अलार्म ठेवला म्हणजे जबाबदारी पार पडली. जोखमीच्या हिशेबात ‘अलार्म ऐकून ऑपरेटर कृती करील’ या भरवशावर धोका फार तर दहापट कमी धरला जातो, त्याहून जास्त नाही. आणि तोही केव्हा, तर अलार्म स्पष्ट असेल, वेळ पुरेसा असेल आणि काय करायचे ते ठरलेले असेल तेव्हा. पुरात सापडलेल्या अलार्मला ही सूट लावणे म्हणजे नसलेले संरक्षण कागदावर दाखवणे. कारण लिहून, चौघांच्या सहीने काढलेला अलार्म हा न वाचता ठेवलेल्या हजार अलार्मपेक्षा कोणत्याही चौकशीत अधिक भक्कमपणे मांडता येतो.

दुसरा आक्षेप असा, की शेवटी इंटरलॉक आहेतच. वेळ आली तर प्लांट आपोआप ट्रिप होईल. इंटरलॉक हवेतच. पण ते शेवटची भिंत आहेत. दर ट्रिपनंतर प्लांट पुन्हा सुरू करावा लागतो आणि सुरू करण्याचा काळ हाच सगळ्यात जोखमीचा असतो. टेक्सास सिटीचा कॉलम सुरू होतानाच घात झाला. ट्रिपच्या आधी माणसाला सावरायची संधी मिळावी यासाठी अलार्म असतो आणि ती संधी खरी असली पाहिजे.

खर्चाचा बाऊ करण्याचेही कारण नाही. बहुतेक कंट्रोल सिस्टिम अलार्मची नोंद ठेवतातच. महिन्याची यादी काढली, की थोडेच टॅग, म्हणजे ठरावीक उपकरणांचे अलार्म, सगळ्यात जास्त दंगा करताना दिसतात: सैल वायर, चुकीची रेंज, अडकलेला ट्रान्समीटर. अशा पहिल्या दहांची दुरुस्ती दर महिन्याला केली तरी रात्रपाळीचा आवाज जाणवण्याइतका उतरतो. आवश्यक असते ती शिस्त. मर्यादा बदलायची तर लेखी मंजुरी हवी. तात्पुरता बंद केलेला अलार्म कोणी, का आणि किती वेळासाठी बंद केला याची नोंद हवी, आणि पाळी बदलताना ती यादी पुढच्या माणसाच्या हाती पडायला हवी.

सरकारी यंत्रणेनेही इथे पाऊल उचलावे. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांसाठी वेगळे प्रकरण आले. १९८९ च्या नियमांनी मोठ्या अपघाताची शक्यता असलेल्या कारखान्यांवर सुरक्षा अहवाल आणि आपत्कालीन आराखड्याचे बंधन घातले. महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे या कारखान्यांची तपासणी असते. तपासणीला गेलेल्या अधिकाऱ्याने अग्निशमन सिलिंडरची तारीख पाहावी, तशीच गेल्या तीस दिवसांची अलार्मची नोंद मागावी. एका ऑपरेटरमागे दिवसाला सरासरी किती, दहा मिनिटांत सर्वाधिक किती, चोवीस तासांहून अधिक काळ लाल असलेले किती आणि या क्षणी बंद करून ठेवलेले किती, हे चार आकडे त्याच्या अहवालात यावेत. त्यातली एक नोंद मुद्दाम प्लांट सुरू करतानाची किंवा ट्रिपच्या दिवसाची असावी, कारण शांत दिवसाची सरासरी पुराचे काहीच सांगत नाही. अपघात झालाच, तर ऑपरेटरचा जबाब घेण्याआधी अलार्मची नोंद सील करून ताब्यात घ्यावी आणि त्या नोंदीचा अहवाल लोकांसाठी खुला करावा.

कंपन्यांनी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. दर ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो. आठवडाभर शपथा, पोस्टर, घोषवाक्यांच्या स्पर्धा चालतात. येत्या मार्चमध्ये त्या आठवड्यातली एक सकाळ प्रत्येक प्लांटने अलार्मच्या यादीसाठी राखून ठेवावी. रात्रपाळी करून आलेल्यांना विश्रांती देऊन, दुसऱ्या दिवशी त्यांनाच टेबलाच्या मुख्य बाजूला बसवावे. आदल्या महिन्याची यादी पुढे ठेवावी आणि कोणते अलार्म ते न वाचता मिटवतात, हे त्यांच्याकडून ऐकावे. खरे सांगितल्याबद्दल कोणालाही मेमो मिळणार नाही, हे प्लांट हेडने बैठकीच्या सुरुवातीलाच सर्वांसमोर जाहीर करावे. यासाठी शटडाउन लागत नाही, नवी यंत्रणा लागत नाही. यादीतल्या पहिल्या दहा टॅगपुढे दुरुस्तीची तारीख आणि जबाबदार माणसाचे नाव लिहून ती यादी उत्पादनाच्या आकड्यांशेजारी लावावी आणि एप्रिलमध्ये नवे आकडे तिथेच लिहावेत.